बोहल्यावरचं ग्रीक मडकं

सरांच्या घरात मी साडेतीन वर्षं भाड्याने राहिले, आणि त्यातली निदान तीन वर्षं तिथे नक्की काय चाललंय हे मला कळत नव्हतं. आता सगळं कळलंय असंही नाही. आता मी पुण्यात असते, लांबून विचार करायला वेळ मिळतो, एवढाच काय तो फरक.

मी मूळची अकोल्याची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून कोल्हापुरात आले. मंगळवार पेठेत वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, असं कंपनीतल्या एका मैत्रिणीनं सांगितलं. मालक हायस्कुलातले रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी बँकेत नोकरीला. "माणूस सज्जन आहे," मैत्रीण म्हणाली आणि जरा थांबून पुढे म्हणाली, "फक्त मडक्यांचा विषय काढू नकोस."

विषय काढायची गरजच नव्हती. दार उघडलं तर जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक मडकं. कोनाड्यात मडकी, टीव्हीवर मडकं, बाथरूमच्या वाटेवर मडकी. साधी नाहीत. तांबड्या अंगावर काळी माणसं काढलेली. कुणाच्या डोक्यावर टोप, कुणाच्या हातात भाला, कुणी अर्धा माणूस आणि अर्धा घोडा. सर स्वतः लेंगा-बनियनवर, कानामागे ब्रश. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, एक मडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "काय दिसतंय?"

रात्रभराच्या प्रवासानं मी आंबून गेले होते. मडक्यावर दोन दाढीवाले पुरुष समोरासमोर बसलेले, मधे एक लहानसा चौरंग. मी म्हणाले, "दोन सैनिक दिसतायत. काहीतरी फाशांनी खेळतायत, पण भाले काही हातातून सोडलेले नाहीत."

सरांनी मडकं परत घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या आधी चौघं आलते खोली बघायला. दोघं म्हणाले, शकुनी आणि धर्मराज. एक म्हणाला, शेकोटी. चौथ्यानं इचारलं, डिपॉझिट किती. खोली तुमची."

ते दोघं कुठल्याशा लांबलेल्या ग्रीक युद्धातले मोठे वीर होते आणि लढाईच्या मधल्या सुट्टीत खेळायला बसले होते. त्यांची नावं सरांनी मला पुढे शंभर वेळा सांगितली. दोन्ही 'अ'वरून होती, यापलीकडे माझ्या डोक्यात काही राहिलं नाही. ग्रीक नावांच्या बाबतीत मी म्हणजे पालथा घडा, असं सर म्हणायचे, आणि मडक्यांत जन्म घालवलेल्या माणसाच्या तोंडून ते फारच लागायचं.

हा सगळा प्रकार काय आहे ते मला हप्त्याहप्त्यानं समजलं. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात पाण्याची, तेलाची, दारूची भांडी मातीची असत आणि त्यांवर देवादिकांच्या कथा रंगवत. सरांनी असं खरं भांडं डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ग्रीस जाऊ दे, सर बेळगावच्या पलीकडे गेले नव्हते. त्यांच्याकडे एक पुस्तक होतं. शाळेच्या वाचनालयातून रद्दीत निघालेलं, इंग्रजी, कव्हर नाही, पहिली पानं नाहीत आणि मधली बरीचशी वाळवीनं खाल्लेली. डिक्शनरी घेऊन सरांनी ते वर्षानुवर्षं वाचलं होतं. त्यामुळे त्यांच्या कथा मधेच संपत. राक्षसाच्या गुहेत शिरलेला माणूस बाहेर आला का, हे वाळवीला ठाऊक.

मी म्हणाले, "सर, फोनवर बघू या की. दोन मिनिटांत कळेल."

"नको," सर म्हणाले. "पान न्हाई म्हणून तर मी चित्राकडं इतकं बघतो. पान असतं तर वाचून मोकळा झालो असतो."

हे मला त्या वेळी अगदी पटलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये विचार केला तर अजिबात पटेना. सरांच्या बऱ्याच बोलण्याचं असं व्हायचं.

बाकी माणूस मऊ. भाडं उशिरा दिलं तरी बोलायचे नाहीत, ताप आला तर खिमटी वर आणून द्यायचे. पण चित्रातल्या माणसाला चुकीचं नाव दिलेलं त्यांना खपत नसे. एकदा सकाळी दूधवाल्यानं कॅन खाली ठेवता ठेवता सहज विचारलं, "सर, ह्यो मारुती न्हवं?" झालं. सरांनी त्याला पायरीवर बसवला. तो मारुती कसा नाही, शेपूट कुठे आहे दाखव, खांद्यावर आहे ते पर्वत नसून अख्खं आभाळ आहे आणि ते त्यानं दुसऱ्याच्या वतीनं जरा वेळ धरलंय, असं सगळं ऐकवलं. गल्लीतल्या निम्म्या घरांचा चहा त्या दिवशी साडेनऊला झाला. दूधवाला पुढे आमच्याकडे आला की मान खाली घालून माप ओतायचा आणि पळायचा.

तालमीतल्या वस्तादांचा किस्सा तर गल्लीत अजून सांगतात. सरांनी एका मोठ्या रांजणावर सिंहाशी कुस्ती खेळणारा एक ग्रीक पैलवान काढला होता. महिनाभर खपून. वस्ताद सहज डोकावले, रांजणाभोवती एक चक्कर मारली आणि मान हलवली.

"सर, असा डाव न्हाई."

"म्हंजे?"

"मान धरलीया बरूबर. पर पाय कुठं अडीवलाय? असा हुबा ऱ्हायला तर शिंव्ह त्येला उचलून टाकंल की."

"वस्ताद, ह्यो अडीच हजार वर्षांपूर्वीचा डाव हाय."

"मग अडीच हजार वर्सं चुकतोयाच की!"

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर त्याचं दूधवाल्यासारखं झालं असतं. पण सर रांजणाकडे बघत उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वही घेऊन तालमीत हजर. आठ दिवस जात होते. वस्तादांनी दोन पठ्ठे मातीत उतरवले, त्यातल्या एकाला सिंह व्हायला सांगितलं. सिंह कुणी व्हायचं यावरून त्या दोघांत खरी कुस्ती झाली म्हणतात. शेवटी सरांनी पैलवानाचा डावा पाय बदलला. मी विचारलं, "सर, म्हणजे मूळ चित्र चूक?" तर म्हणाले, "मूळ चित्र बरोबर हाय. वस्ताद बी बरोबर हाईत." मी पुढे विचारायचं सोडून दिलं.

ग्रीक भांडी आणि कोल्हापूर यांचा संबंध काय, असं कुणी विचारलं की सर ब्रह्मपुरीच्या टेकडीकडे बोट करत. तिथे पूर्वी खोदकामात ग्रीकांच्या समुद्रदेवाची वीतभर उंचीची धातूची मूर्ती निघाली, ती गावातल्या संग्रहालयात ठेवलीय. सरांचं म्हणणं, समुद्र सोडून इतक्या आत, पंचगंगेकाठी देव आला, तो काय एकटा चालत आला? त्याला आणणाऱ्याला तहान लागलीच असेल. म्हणजे भांडं होतं. म्हणजे ते इथंच कुठंतरी फुटलं असणार. गावात कुठे पाया खणायला घेतला, ड्रेनेजचं काम निघालं की सर सायकल काढून तिकडे. खड्ड्याशी ओणवे होऊन खापऱ्या वेचायचे आणि घरी आणून मला भिंगातून बघायला लावायचे. एकदा एक काळी चकचकीत खापरी मिळाली, तेव्हा दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलीनं ती उलटी धरली, तर मागे कपाच्या कानाचा तुकडा होता.

ही मुलगी फार शहाणी. कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हे कळेपर्यंत ती पडद्याआडून बोलली की घरात कुणी पुरुष पाहुणा आलाय असं मला वाटायचं. आई गेली तेव्हा ती चौथीत होती. तेव्हापासून बाप-लेक दोघंच. ती सकाळी डबा करून बँकेत जायची, संध्याकाळी आली की जिन्यावरची मडकी एका बाजूला सरकवून वाट करायची आणि त्याबद्दल कधी चकार शब्द बोलायची नाही. तिची दोन स्थळं मोडली होती. पहिल्या वेळी पोहे खाता खाता मुलाच्या मामानं कोनाड्याकडे बघून कौतुक केलं, "वा! अर्जुन मत्स्यवेध करतोय जणू." सर म्हणाले, "पावणं, मासा कुठं दिसला तुमास्नी?" आणि मामांना खुर्चीवरून उठवून मडक्यापाशी नेलं. दुसरं स्थळ का मोडलं ते मला नीट समजलं नाही. कुणी म्हणतं सरांनी मुलाच्या वडिलांचा दिवाणखान्यातला फोटो सरळ केला, कुणी म्हणतं उलटा केला.

मला खोली मिळाली ती फाशांमुळे, पण सरांनी मला घरातली मानली ती भट्टीमुळे. मी फाउंड्रीत काम करते म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. त्यांचं दुखणं असं होतं की, इतकी वर्षं ते काळा रंग बाजारातला लावत होते. ग्रीक कुंभारांनी रंग लावलाच नव्हता. तांबडं अंगही मातीचं आणि काळी चित्रंही त्याच मातीची, फक्त गाळून गाळून सायीसारखी केलेली. दोन्ही कच्ची असताना सारखीच दिसतात. वेगळी होतात ती भट्टीत. "तसं एक झालं पायजे," सर म्हणायचे. "मरायच्या आधी एक."

हे मात्र मला समजलं, कारण हा माझाच विषय. भट्टीत हवा मोकळी ठेवली की मातीतलं लोखंड तांबडं होतं. हवा कोंडून धूर केला की सगळं काळं पडतं. परत हवा सोडली की अंग पुन्हा तांबडं होतं, पण गाळलेली माती तोवर काचेसारखी मिटून गेलेली असते, ती काळीच राहते. सगळा खेळ हवा परत कधी सोडायची याचा. पहिल्यांदाच सर मला गुरू मानून ऐकत होते, आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं.

सरांचे जुने स्नेही म्हणजे कुंभारमामा. त्यांच्या परसात आम्ही छोटी बंद भट्टी उभी केली. विटा माझ्या कंपनीतल्या जुन्या भट्टीच्या, टाकाऊ, रीतसर गेटपास करून आणलेल्या. मी तापमान मोजायचं यंत्रही मागून आणलं. मामांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. भोकातून आत डोळा लावायचे आणि म्हणायचे, "आंबा पिकला की झाकायचं." म्हणजे आतली धग आंब्याच्या रंगाची झाली की. माझं यंत्र आणि मामांचा आंबा नेहमी एकाच वेळी पिकायचे, हे मी घरी अकोल्याला सांगितलं तर कुणाला खरं वाटेना.

मामा वर्षातले बरेच महिने गणपतीत गुंतलेले, त्यामुळे भट्टी लागायची ती अधूनमधून. पहिल्या खेपेला मडकी निघाली म्हशीच्या पाठीसारखी करडी. दुसऱ्या खेपेला सगळी तांबडी, चित्रंच गायब. तिसऱ्या खेपेला आतच स्फोट झाला. अशी अडीच वर्षं गेली. सर दर वेळी भट्टीपुढे उकिडवे बसायचे, आणि राखेतून खापरं निघाली की म्हणायचे, "पुढच्या टायमाला."

मधल्या काळात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा हुपरीचा, घरी चांदीच्या पैंजणांचं काम. या वेळी सगळी बोलणी मुलीनं बाहेरच उरकली आणि सरांना शेवटी सांगितलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. गच्चीवर ती फोनवर बोलायची तेव्हा हसायची, आणि त्या घरात हसू मी त्याआधी फारसं ऐकलं नव्हतं. अडचण एकच, मुलाची आई. शकुन-अपशकुनाचं तिला भारी वेड. मुहूर्त दोनदा बदलून झाला होता. काठात तुटका धागा दिसला म्हणून मानाची साडी परत आली होती.

आता लग्न म्हटलं की बोहल्याच्या चार कोपऱ्यांत मडक्यांच्या उतरंडी आल्या. मोठं मडकं खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. हल्ली थर्माकोलवर भागवतात, पण कुंभारमामा हटून बसले. या घराच्या लग्नाची मडकी त्यांच्या घरूनच यायची, वडलांपासूनची रीत. लग्नाआधीच्या शेवटच्या भट्टीत सरांची अकरा मडकी होती. मी हवा कोंडली, मी घड्याळ लावून बसले. हवा सोडायला अजून वेळ होता आणि मामा चहाला म्हणून उठले, त्यांचा पाय लागून भोकाची वीट पडली. मी किंचाळले. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर दहा मडकी वाया गेलेली. अकरावं, सगळ्यांत मोठं, भोकाच्या तोंडाशी होतं. तांबडं लाल अंग आणि त्यावर काळंभोर चित्र, नख मारलं तरी न निघणारं. सर ते मांडीवर घेऊन बसले. मामा म्हणाले, "बगा, माझा पाय शास्तरात न्हवता तुमच्या."

चित्र कुठलं होतं? तर पाताळाच्या राजाचं. धान्याच्या देवीची मुलगी रानात फुलं तोडत असते, भुई फाटते, मेलेल्यांचा राजा चार घोड्यांच्या रथातून वर येतो आणि तिला उचलून खाली नेतो. मुलगी पांढऱ्या मातीनं काढलेली, बाकी सगळं काळं, आणि मागून आई मशाल घेऊन धावतेय. ही गोष्ट वाळवीनं सोडली होती, शेवटपर्यंत.

सर म्हणाले, "पुढच्या उतरंडीत खाली हेच."

मुलगी भाकरी करत होती. तवा उतरवून आली. "बाबा, पोरगी पळवून न्यायचं चित्र? तेबी पाताळात? माझ्या लग्नात?"

"आलंय ते एवढं एकच. ह्यासाठी जल्म गेला माझा."

ती मडक्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल किंवा ओरडेल. पण तिनं बापाचा चेहरा पाहिला आणि तोड काढली. "बरं, मांडा. पण इचारलं कुणी तर रुक्मिणीहरण म्हणून सांगायचं. रथ हाय, घोडे हाईत, पोरगी हाय. कुणालाबी पटंल."

खिसा कापायला सांगितल्यासारखं सरांचं तोंड झालं. "रुक्मिणीनं पत्र धाडून बोलावलंतं त्येला. ही रडत चाललीया. एक कशा असतील दोघी?"

"माझी शपथ हाय, बाबा."

सर खाली मान घालून म्हणाले, "बरं."

जिन्यात तिनं मला गाठलं. "ताई, मांडवात बाबांच्या शेजारनं हलू नका. सासूबाईंच्या कानावर पाताळ-बिताळ गेलं तर त्या लगीन उभं ऱ्हाऊ द्यायच्या न्हाईत. आणि मला हाच पायजे." एवढं बोलून ती परत भाकऱ्या करायला गेली.

लग्नाच्या दिवशी मी पैठणी नेसून पहारेकऱ्याचं काम केलं. उतरंडीभोवती बायकांची ही गर्दी. बाकीची मडकी मामांनी चुन्यानं आणि कावेनं रंगवलेली, नेहमीसारखी, पण सगळ्यांचे फोटो चालले होते खालच्या काळ्या-तांबड्याबरोबर. "अगंबाई, रुक्मिणीहरण!" पहिलीच बाई आपणहून म्हणाली. सरांच्या मानेवरची शीर फुगली. मी खोकले. सर म्हणाले, "हूं." दुसऱ्याला म्हणाले, "व्हय." फोटोग्राफरला तर "रुक्मिणी" हा शब्द पूर्ण म्हणाले, दाढ दुखत असल्यासारखा. मुलाची आई येऊन बघून गेली, खूश होऊन गेली. मला वाटलं, जिंकलो. अर्ध्या तासावर अक्षता होत्या.

तेवढ्यात मुलाची आजी आली. नव्वदीला टेकलेली, पैंजणांना घुंगरं जोडण्यात सगळा जन्म गेलेला. तिनं खुर्ची नाकारली, मडक्यापुढे भुईवर बसकण मारली आणि चष्मा कपाळावर ढकलून चित्राला नाक लावलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाली, "मास्तर, हिकडं या."

सर जाऊन बसले. मी मागे.

"ही रुक्मिणी म्हनं?"

"व्हय."

"रुक्मिणी आपल्या खुशीनं गेली. हिचं त्वांड मागं हाय. हात बी मागं. कुनाला हाक मारतीया ही?"

मी घाईघाईनं म्हणाले, "आजी, ती नक्षी आहे, तशीच काढतात."

"तू गप, बाळ. मी मास्तरास्नी इचारतोय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, डोळे वटारले, सगळं केलं. सरांनी पुन्हा आजीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आईला."

आणि मग सगळंच सांगितलं. फुलं, फाटलेली भुई, मेलेल्यांचा राजा, मशाल. मुलाच्या आजीला, बोहल्याशेजारी बसून. लांब, नवरीच्या खोलीच्या दाराशी मुंडावळ्या बांधलेली मुलगी उभी होती, आमच्याकडेच बघत होती, आणि माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना.

आजीनं शेवटपर्यंत ऐकलं. "मग येती का माघारी?"

"येती. वर्षातनं काही महिनं आईकडं, काही महिनं तिकडं."

"बरं हाय की. मी हुपरीत नांदायला आलो, ते म्हायारी गेलो बाप गेल्याचा निरोप आल्यावर." तिनं बोट मडक्यावर ठेवलं. "आनि पोरगी पांढरी काढलीसा, मग ही मागची आई काळी कशी?"

ते मीही पाहिलं होतं. मला वाटलं होतं, भट्टीत पांढरं उडालं.

"त्या लोकांची रीत हाय," सर म्हणाले. "बाई पांढरी काढायची, गडी काळा."

"मग ही?"

"हिची आई न्हाई, आजी. पोर चौथीत असताना गेली. मागं धावायला हाय कोण? त्यो मीच हाय. लुगडं तेवढं आईचं."

मला रडू आवरेना. अडीच वर्षं त्या भट्टीपुढे मी त्यांच्याशी लोखंड आणि हवा एवढंच बोलत बसले होते.

आजी त्या काळ्या आकृतीवरून बोट फिरवत होती, घुंगरू नीट बसलंय का बघतात तसं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "पंचमीला धाडतो. गवरीला धाडतो. मधीच आठवन आली तर तुमी या. धावत नगा येऊ, हुपरीला बस हाय."

तोवर मुलाची आई लगबगीनं आलीच. "आत्ती, भुईवर काय बसलाय? काय म्हणालेत मास्तर?"

"काय न्हाई," आजी माझा हात धरून उठत म्हणाली. "रुक्मिणीहरण हाय. लई झ्याक काढलंय."

"मी म्हटलंच होतं!" मुलाची आई खाली वाकली. "आणि ही मागनं धावतीया ती कोण? रुक्मिणीची आई व्हय?"

मी सरांची बाही धरायला हात पुढे केला. पण सर तिच्याकडे बघून अगदी सावकाश म्हणाले, "व्हय. आईच ती."

चित्रातल्या माणसाचं नाव सरांनी आपणहून चुकीचं सांगितलेलं मी ऐकलं ते तेवढं एकदाच. ते खरंच चुकीचं होतं का, याचा मी पुढे कागलच्या बसमध्ये पुष्कळ विचार केला. अजून ठरत नाही.